बांडियाच्या काठी

एटापल्लीचे नाव शहरातल्या माणसाला ठाऊक असते ते वर्तमानपत्रामुळे, आणि वर्तमानपत्रात ते छापून येते बहुधा दोनच कारणांनी: एक बंदूक आणि दुसरे लोखंड. या दोहोंखेरीज तिथे एक नदी आहे, नदीत मासे आहेत आणि त्या माशांच्या आधाराने वर्षातले काही महिने काढणारी माणसे आहेत, याची कोणी बातमी करीत नाही. म्हणून हा लेख.

महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगला, तर उजव्या हाताला अगदी खाली जो कोपरा छत्तीसगड आणि तेलंगण यांच्यामध्ये शिरल्यासारखा दिसतो, तो गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपुरातच मोडत असे. जुनी माणसे अजूनही ‘चांद्याचे जंगल’ असेच म्हणतात. चंद्रपुराहून गोंडपिपरीवरून निघावे, आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडावा, आलापल्लीला चहा घ्यावा आणि एटापल्लीचा फाटा धरून सुमारे तीस किलोमीटर सागवानातून जावे, की गाव येते. तिथून पुढे डोंगर, रान आणि माडिया गोंडांची लहान लहान गावे. या तालुक्यातून वाहणारी बांडिया पुढे इंद्रावतीला मिळते, आणि इंद्रावती गोदावरीला. म्हणजे नाशिकच्या घाटावर आपण जिला हात जोडतो, तिच्याच घरची ही एक अनोळखी लेक.

यंदाच्या जानेवारीत आम्ही तिघे तिथे गेलो. माझा एक जुना विद्यार्थी एटापल्लीला शिक्षक आहे, तो यजमान. मी पाहुणा. आणि तिसरे आमचे एक स्नेही, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. यांनी उभा जन्म नद्या अडवण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर त्यांना वाहत्या पाण्याचा लळा लागला. हिमाचलात राहणाऱ्या मुलीकडे गेले असता तिथे ते माशीने मासा धरायला शिकून आले. तेव्हापासून त्यांच्या सामानात कपड्यांच्या दुप्पट जागा त्या काठीला लागते.

माशीने मासा धरणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला हवे. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात किंवा कणकेची गोळी. दोराला शिसे बांधून तो पाण्यात सोडतात आणि बसतात. इथे आमिष खोटे असते. इवल्या गळाभोवती पिसाचे तंतू आणि रेशीम गुंडाळून हुबेहूब माशी करतात. ही माशी इतकी हलकी, की फेकू म्हटले तरी फेकली जाणार नाही. म्हणून दोरच वजनदार असतो. काठीच्या लवचिकपणावर तो दोर मागे-पुढे हवेत झुलवायचा आणि शेवटी अशा बेताने सोडायचा, की माशी पाण्यावर आपण होऊन उतरल्यासारखी टेकावी. मासा फसला तर फसला. नाही फसला, तर व्यायाम झाला.

हा सारा खटाटोप मुळात ट्राउट नावाच्या माशासाठी. तो इथला नव्हे. स्कॉटलंडहून त्याची अंडी बर्फात घालून काश्मीरला आणली. पहिली खेप वाटेतच नासली, आणि १९०० साली आलेली रुजली. पुढल्या काही वर्षांत निलगिरीच्या ओढ्यांतही दुसऱ्या जातीचा ट्राउट सोडण्यात आला. साहेबाला घरची आठवण आली, की तो हवामान सोडून बाकी सारे घरचे आणू पाही. पण ट्राउटला गार पाणी लागते. वीस अंशांच्या वर पारा चढू लागला की तो कासावीस होतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे तापणाऱ्या या मुलखात ट्राउट शोधणे म्हणजे राजस्थानात कोकम शोधण्यापैकी. स्नेह्यांना हे ठाऊक होतेच. “ट्राउट नसू दे,” ते म्हणाले, “माशी खाणारा मासा तर असेल!”

गळाचा खेळ साहेबानेच आपल्याला शिकवला, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. आम्हा मराठीच्या मास्तरांना तो ठाऊक असतो, कारण त्यातल्या संगीताच्या भागात मराठीचे फार जुने नमुने सापडतात. वर्गात आम्ही तेवढेच सांगतो आणि पुढे जातो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. मासे कोणकोणते, ते कुठे राहतात, कोणाला कोणते खाद्य प्रिय, काठी कशी असावी, दोर कशाचा वळावा, याचा राजाने त्यात रीतसर विचार केला आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन गळाच्या छंदावरचे आपले विख्यात पुस्तक १६५३ साली लिहितो. आमचा राजा त्याच्याआधी पाचशे वर्षे दोर वळून बसला होता. हे मी गाडीत मोठ्या अभिमानाने सांगितले. स्नेही म्हणाले, “राजाला पगार चालू होता. मी पेन्शनीत करतो आहे.”

नदीवर जाण्याआधी गावात जावे लागते. हा तिथला शिष्टाचार. डोह गावाचे असतात आणि गावाला विचारल्याशिवाय त्यात काडी टाकायची नसते. हा नुसता रिवाज नाही, आता तो कायदाही आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतल्या माशांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून देशाला वाट दाखवली, हे पुष्कळांना आठवत असेल.

विद्यार्थ्याने आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांपुढे उभे केले. ते अंगणात बसून बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा विणीत होते. “जोहार” झाला. बाबांनी ती चार तुकड्यांची काठी हातात घेतली, वाकवून पाहिली, मान डोलावली. मग डबीतल्या माश्या पाहिल्या. एक उचलून तळहातावर ठेवली, तिच्यावर फुंकर घातली आणि आजूबाजूला जमलेली पोरे खो खो हसली.

“गुरुजी,” बाबांनी मला विचारले, “मासा खासाठी धरता का खेळासाठी?”

मी स्नेह्यांकडे पाहिले. ते प्रामाणिक गृहस्थ, म्हणाले, “धरतो आणि सोडून देतो.”

बाबांनी ते माडियात इतरांना सांगितले. या वेळी पोरे हसली नाहीत. शेजारची एक म्हातारी काहीतरी बोलली. विद्यार्थ्याने तर्जुमा केला: “सर, ती म्हणते, त्या माशाच्या तोंडाला दुखत नाही का?”

या प्रश्नाचे उत्तर मानसोल्लासात नाही.

परवानगी मिळाली; सोबत बाबा आणि त्यांचा नातू आला. नातवाचे वय बाविसाच्या आसपास, अंगात कंपनीचे नाव छापलेला सदरा. तो सुरजागडच्या बाजूला ट्रकवर असतो, सुट्टीला घरी आला होता. आमच्या पुढे बाबा अनवाणी, मागे नातू बुटात, आणि मध्ये आम्ही.

जानेवारीतली बांडिया पाहण्यासारखी असते. पावसाळ्यातला माज उतरलेला, उन्हाळ्याची ओढ अजून लागलेली नाही. काळ्या खडकांमधून पाणी कुठे खळाळत जाते, कुठे डोहात शिरून स्वस्थ बसते. काठावर अर्जुनाची पांढरी खोडे, पाण्यावर वाकलेले करंज. खंड्या एकदा निळी रेघ ओढून गेला. विद्यार्थी मला शब्द पुरवीत होता. माडियात पाण्याला ‘एर’ म्हणतात आणि माशाला ‘मीन’. हा दुसरा शब्द ऐकून मी थबकलो. आपल्या राशिचक्रात बारावे घर घेऊन बसलेला मीन आपण पक्का संस्कृत समजतो. तो द्राविडी घरून संस्कृतात आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पंचांगात आपण जो शब्द सोवळ्याने वाचतो, तो या पोरांच्या तोंडी रोजचा.

स्नेह्यांनी काठी जोडली. पण लगेच दोर सोडला नाही. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि वाकून त्यांनी एक दगड उचलून उलटा केला. माशीने मासा धरणाऱ्याचा हा पहिला धडा: नदीला आधी विचारायचे, तुझ्याकडे आज जेवायला काय आहे? दगडाच्या ओल्या पोटाला चिकटून चपटे, करड्या रंगाचे किडे लगबगीने पळत होते. यांना पंख फुटतात ते अगदी शेवटी. पाण्याखाली महिनोन् महिने काढायचे आणि पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगायचे, असे त्यांचे आयुष्य. दुसऱ्या एका दगडावर वाळूचे कण चिकटवून केलेली लहानशी नळी होती. तिच्यात एक अळी घर करून राहिली होती. असे किडे आहेत, याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे, त्यात प्राणवायू भरपूर आहे. मासे यांच्यावर जगतात, आणि माणसे माशांवर.

मग दोर हवेत झुलू लागला. ते दृश्य खरोखर देखणे असते. चौथ्या फेकीला खळाळाच्या शेवटी पाणी फुटले आणि काठीचे टोक थरथरले. आला तो बोटभर लांबीचा, रुपेरी, कुशीवर निळसर पट्टे असलेला मासा. पृष्ठावरचे किडे टिपणाऱ्या या जातीला माशीचा मोह पडला होता. स्नेह्यांनी हात ओला करून त्याला हळूच सोडवला आणि पाण्यात सोडला. दुपारपर्यंत असे नऊ. पुरे तोलले असते तर पावशेरही भरले नसते. पण त्यांच्या चेहऱ्यावर पन्नास टीएमसीचे धरण भरल्याचे समाधान होते.

बाबा तोवर आपल्या कामाला लागले होते. दगड रचून त्यांनी खळाळाचे पाणी एका फटीतून वळवले आणि त्या फटीत सापळा बसवला. मग काठावर बसून तंबाखू मळीत ते बोलू लागले. प्रत्येक डोहाला नाव आहे. एका डोहात मासा धरायचा नाही, तो वाढीसाठी राखून ठेवायचा. उन्हाळ्यात पाणी आटले, की सारे गाव मिळून गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकते. मासे गुंगून वर येतात. घरटी वाटणी होते, विधवेच्या घरीही वाटा जातो. पाणी वाहते झाले की गुंगी उतरते. अलीकडे बाहेरची माणसे रात्री येऊन कसली पांढरी पावडर टाकतात. तिने मासा मरतो, अंडी मरतात, दगडाखालचा किडाही मरतो.

“आणि हा डोह,” त्यांनी समोर हात केला, “माझ्या पोरपणी यात उभा बांबू बुडत होता. आता माणूस उभा राहतो.”

“वाळू भरली?”

“वाळू भरली, माती भरली. पोहाले पाणी नाही, तर मीन कुठं ऱ्हाईल?”

नातू इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, “आजोबाला नदी दिसते, सर. पण नदी पगार देत नाही ना. रस्ता झाला नव्हता तेव्हा माझ्या आईला खाटेवर टाकून नेली होती. मी तिच्या पोटात होतो.”

यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. सुरजागडच्या डोंगरात लोखंड आहे, हे काही आजचे ज्ञान नव्हे. त्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात खाण आहे. २०१६ च्या डिसेंबरात तिथे नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून खोदकाम पुन्हा जोमाने सुरू झाले. त्या लोखंडाच्या वाटेवर या पोराच्या घरात पहिला पगार आला, दवाखान्याची गाडी दारापर्यंत येऊ लागली. आम्ही शहरातून येऊन त्याला नदीचे सौंदर्य शिकवावे, हे शोभणारे नव्हते. आमच्या घरातल्या गजांपासून सुईपर्यंत सारे लोखंड कुठल्या ना कुठल्या डोंगराचेच आहे.

दुपारी आम्ही नदीच्या काठाने वर गेलो. एका वळणावर डाव्या हाताने एक नाला येऊन मिळतो. तिथे पाण्याचे दोन रंग दिसत होते. नदीचे काळसर निर्मळ आणि नाल्याचे तांबूस, विटकरीचा चुरा कालवल्यासारखे. मिळाल्यावरही काही अंतर ते शेजारी शेजारी, न मिसळता वाहत होते.

“डोंगराची माती,” बाबा म्हणाले.

“रस्त्याचं काम चालू आहे वर, त्याची,” नातू म्हणाला.

दोघांचेही म्हणणे खरे असू शकेल. झाडोरा निघून माती उघडी पडली, की ती कोणी उघडी केली हे पाऊस विचारीत नाही. तो तिला खाली आणतो.

स्नेही नाल्यात उतरले आणि सवयीने वाकून त्यांनी दगड उलटला. खाली गुळगुळीत लाल लेप; किडा एकही नाही. दुसरा उलटला. तिसरा. दगडांमधल्या ज्या फटींत किडे राहतात आणि मासे अंडी घालतात, त्या बारीक मातीने लिंपून गेल्या होत्या. अंड्याला प्राणवायू मिळतो तो त्या फटींतून वाहणाऱ्या पाण्यातून. फट बुजली की अंडे गुदमरते.

नातू काठावरून पाहत होता. त्याने बूट काढले, विजार वर गुंडाळली आणि तो पाण्यात उतरला. लहानपणी खेकड्यांसाठी त्याने याच नाल्यात दगड उलटले असणार. हात कसा घालायचा, हे कोणी सांगावे लागले नाही. एक, दोन, चार, सहा दगड त्याने उलटून पाहिले. मग कमरेवर हात ठेवून तो थोडा वेळ नुसताच उभा राहिला आणि आजोबांशी माडियात काही बोलला. बाबांनी उत्तर दिले नाही.

“साहेब,” त्याने स्नेह्यांना विचारले, “तुम्ही इंजिनिअर ना? यावर काही उपाय असतो?”

त्या साऱ्या दिवसात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा प्रश्न. स्नेही ओल्या वाळूवर उकिडवे बसले आणि काठीच्या टोकाने आकृती काढू लागले. वाहून येणारे पाणी एकदम नाल्यात सोडायचे नाही. आधी मोठ्या खड्ड्यात, मग दुसऱ्या खड्ड्यात थांबवायचे, म्हणजे माती खाली बसते. पावसाळ्यापूर्वी ते खड्डे उपसायचे. उतारावर दगडांचे छोटे छोटे बांध घालायचे. नाल्याच्या दोन्ही काठांना झाडोऱ्याचा पट्टा राखायचा, त्याला हात लावायचा नाही. “यात नवे काही नाही,” ते म्हणाले. “कागदावर हे सगळीकडे असते. जागेवर आहे का, ते पाहणारे कोणी लागते.” विद्यार्थी वहीत उतरून घेत होता. ग्रामसभेने काय मागायचे, कोणाकडे मागायचे, हे त्याला ठाऊक होते.

या भागाने नदी एकदा वाचवली आहे. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन मोठी धरणे इथल्या खोऱ्यावर येऊ घातली होती. बुडणार होते ते जंगल आणि माडियांची गावे. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू करणाऱ्या बाबा आमट्यांनी आणि इथल्या आदिवासींनी त्यांना विरोध केला, आणि ती धरणे झाली नाहीत. आमचे स्नेही त्या वेळी तरुण इंजिनिअर होते, अर्थात दुसऱ्या बाजूला. हे त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःच सांगितले, आणि पुढे म्हणाले, “धरण दिसते, म्हणून त्याच्याविरुद्ध उभे राहता येते. माती दिसत नाही. ती चिमटी-चिमटीने येते.”

सापळ्यात तोवर पाच-सहा शिंगाडे, एक मरळ आणि ओंजळभर झिंगे अडकले होते. बाबांच्या अंगणात ते पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजले गेले. सोबत भात आणि चिंचेचे आंबट. मी आजवर पुष्कळ ठिकाणी मासे खाल्ले. या मरळीची चव निराळी. स्नेह्यांच्या पानावर सर्वांत मोठा तुकडा पडला. वाढताना ती म्हातारी काही बोलली आणि अंगण हसले. तर्जुमा असा: “हा सोडून देऊ नको म्हणावं.”

आम्ही परत आलो त्याला आता नऊ महिने झाले. दसऱ्याच्या सुमारास विद्यार्थ्याचे पत्र आले. ग्रामसभेने ठराव करून अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे. तोवर गावाने श्रमदानाने लाल नाल्यावर दगडांचे तीन बांध घातले. एक पावसात वाहून गेला, दोन उभे आहेत. नातू अजून ट्रकवरच आहे, आणि बांधाच्या दोन्ही रविवारी तो सुट्टी काढून आला होता. शाळेतल्या पोरांना विद्यार्थ्याने एक काम लावून दिले आहे: पाऊस नसेल तेव्हा महिन्यातून एकदा नदीवर जायचे, नदीतले पाच दगड आणि नाल्यातले पाच दगड उलटायचे, किडे मोजायचे आणि पुन्हा दगड होता तसा ठेवायचा.

त्या वहीचे एक पान त्याने पत्रासोबत पाठवले आहे. अक्षर पाचवीतल्या मुलीचे, ओळी तिरप्या. रकाने आखलेले, महिन्यापुढे आकडे. नदीच्या रकान्यात चौदा, सतरा, अकरा असे आकडे आहेत. नाल्याच्या रकान्यात पहिल्या महिन्यापासून पूज्य, पूज्य, पूज्य. शेवटच्या ओळीत, बांधाच्या खालच्या अंगाच्या एका दगडापुढे, एक लिहिलेला आहे, आणि कोणाला खोटे वाटू नये म्हणून त्या मुलीने शेजारी त्या किड्याचे चित्र काढले आहे, सहाही पाय मोजून.